तुम्ही विचारलंत म्हणून: शुगरवाल्याला चावलेला डास

"अण्णांना शुगर आहे. त्यांना चावलेला डास घरभर डेंग्यू पसरवील का?" लातूर असो की जालना, हा प्रश्न पिच्छा सोडत नाही.

शुगरमुळे डेंग्यू पैदा होत नाही. रक्तात विषाणूच नसेल, तर डास नेणार काय? ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत डासाला तो मिळतो. मग डासाच्या पोटातून लाळेत यायला आठ ते बारा दिवस लागतात.

पूर्वी मी एवढंच सांगायचो: माणसाकडे नको, पाण्याकडे बघा. ते खरंच आहे, पण पुरं नाही. रक्तागणिक फरक पडतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वेगवेगळ्या माणसांच्या रक्तात डेंग्यूचा विषाणू मिसळून ते डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या माद्यांना पाजलं. ज्या रक्तात लोह कमी, ते पिऊन जास्त माद्यांना लागण झाली. लोहाअभावी रक्त कमी झालेल्या उंदरांना लोह दिलं, तर त्यांना चावलेल्या माद्यांत लागण घटली. डासाच्या आतड्यातल्या पेशी ते लोह वापरून विषाणूला मारक ठरणारे ऑक्सिजनचे रेणू बनवतात; लोहच नसेल, तर पहारा ढिला पडतो.

साखरेचं तसं सरळ नाही. रक्तात ग्लुकोज वाढवलं की डासात डेंग्यूचा विषाणू फोफावतो, आणि इन्सुलिन दिलं की डासात वेस्ट नाइल हा डेंग्यूच्याच कुळातला विषाणू दबतो. शुगरच्या पेशंटमध्ये ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही वाढलेलं असू शकतं. मग अण्णांना एकटं पाडायचं कशाच्या जोरावर?

आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अण्णांकडे बोट दाखवणाऱ्या घरात सुनेचं हिमोग्लोबिन कधी तपासलंय? आता दोष तिच्यावर ढकलू नका. लोहाची गोळी तिच्या स्वतःसाठी, लिंबूपाण्यासोबत; चहासोबत नको. आणि ती डेंग्यूचं औषध नव्हे.

नळाला पाणी आठवड्याने; अंड्यातून डास उडायलाही सात ते दहा दिवस. पाणी जपायचं म्हणून बॅरल घासला जात नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. त्यामुळे नुसतं ओतून भागत नाही, काथ्याने खरवडून घासावं लागतं. रिकामा करणं जमत नसेल, तर तोंडाला फडकं घट्ट बांधा.

अण्णांना जपायचं ते त्यांच्यासाठी: शुगर असताना डेंग्यू जास्त बिघडू शकतो. तापात मच्छरदाणी दिवसाही लावा, एडिस मुख्यतः दिवसाच चावतो. तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको. ताप उतरला की निर्धास्त होऊ नका. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.