तुम्ही विचारलंत म्हणून: ते मागे का नाही फिरले?

दुसऱ्या महायुद्धावर कुठेही बोललो की शेवटी एक हात वर होतोच. सर, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना समोरून मशीनगन चालू असताना पहिल्या लाटेतले सैनिक मागे का नाही फिरले? आधी मी पण शौर्य, देशप्रेम वगैरे सांगायचो, मास्तरकी केलेला माणूस, तेवढं तोंडावर असतंच. पण लेक अमेरिकेत, व्हर्जिनियात रोआनोकला राहते, तिच्याकडे गेलो असताना जवळच्या बेडफर्डचं डी-डे, म्हणजे दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलं त्या दिवसाचं, स्मारक बघितलं आणि उत्तर बदललं.

बेडफर्ड म्हणजे तेव्हा तीनेक हजार वस्तीचं गाव. तिथली पोरं नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ सैन्यात, गेली ती बरीचशी मंदीच्या दिवसांत कवायतीमागे एक डॉलर मिळायचा म्हणून. तीच पुढे 116व्या रेजिमेंटची ए कंपनी झाली आणि 6 जून 1944 ला सकाळी साडेसहाच्या सुमारास नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर, डॉग ग्रीन नावाच्या तुकड्यावर, सगळ्यात आधी उतरली. 

आता मागे फिरण्याचं बघा. मोठं जहाज किनाऱ्यापासून कित्येक मैल लांब, तिथून पहाटे तीसेक जणांच्या छोट्या होड्यांत बसवलेलं, समुद्र खवळलेला, दोन तास उलट्या, काही जण तर हेल्मेटमध्येच ओकत होते, अंगावर पंचवीस-तीस किलोचं ओझं आणि सगळं भिजून आणखी जड. अशा अवस्थेत माणसाला एकच गोष्ट हवी असते, खाली उतरायला. (आम्ही एकदा रत्नागिरीला मचव्यातून गेलो होतो, अर्ध्या तासात मी देवाला हवं ते कबूल केलं होतं, त्यामुळे हे मला लगेच पटलं.)

त्यात त्यांना सांगितलेलं की विमानं आधी किनारा भाजून काढतील, वाळूत बॉम्बचे खड्डे असतील, त्यात लपा. ढगांमुळे आणि आपल्याच होड्यांवर पडू नयेत म्हणून बॉम्ब उशिरा सोडले, ते पार आत शेतात जाऊन पडले. वाळू गुळगुळीत. रणगाडे सोबत येणार होते, तर शेजारच्या भागात पाण्यावर तरंगणारे 29 रणगाडे लांबूनच समुद्रात सोडले आणि त्यातले 27 बुडाले. ओहोटी मुद्दाम निवडलेली, पाण्यातले अडथळे दिसावेत म्हणून, पण त्यामुळेच समोर अंदाजे 300 यार्ड उघडी वाळू आली.

होडीचं दार उघडतं त्याच तोंडावर वरून जर्मनांचा नेम. पुढचा पडतो, मागचा त्याच्यावरून, कुणी बाजूने उडी मारतो तर पाणी डोक्यावर. तरंगण्यासाठी दिलेला हवेचा पट्टा छातीऐवजी कमरेला बांधला असेल तर ओझ्यासकट माणूस उलटा व्हायचा, म्हणजे वाचवायची वस्तूच बुडवायची. जे वाळूत पडले त्यांच्या मागे भरती चढत होती, जखमी माणूस हलला नाही तर पाणी गाठणार. आणि होडी? ती माणसं सोडून निघून गेलेली. मागे फिरून जायचं कुठे सांगा ना! पुढे गोळी, मागे पाणी, आणि शेजारी गावातलाच माणूस, ज्याच्याबरोबर शाळेत होतो. तो पुढे सरकला की आपणही सरकायचं. काही मिनिटांत ए कंपनी संपल्यातच जमा होती. बेडफर्डचे जवळपास 20 जण त्या एका दिवसात गेले.

स्मारकाजवळच्या तळ्यात गोळ्या पडल्यासारखं पाणी उडत राहतं. मला ते थोडं नाटकी वाटलं खरं, पण तिथून हललो नाही.

मागे गेले ते असे. रॉय आणि रे स्टीव्हन्स, जुळे भाऊ, एकाच कंपनीत पण होड्या वेगळ्या. उतरण्याआधी रेने हात पुढे केला. रॉयने धरला नाही, म्हणाला वर किनाऱ्यालगतच्या व्हिएरव्हिल गावाच्या चौकात भेटू तेव्हा मिळवू. रॉयची होडी वाटेतच बुडाली, पाण्यातून काढून त्याला परत नेलं. काही दिवसांनी तो किनाऱ्यावर आला, तात्पुरत्या कबरस्तानात आपल्या गावची नावं शोधत फिरला आणि एका क्रॉसवर भावाचंच नाव सापडलं.