नळ, नरसाळं आणि दोन आलेख

मंगळवार, रात्री उशिरा

भाचीला गणित समजवायला बसले आणि पहिल्याच गणितात तोंडावर आपटले. संयुक्त फलाची (एका फलाचं, म्हणजे फंक्शनचं, उत्तर दुसऱ्या फलाला द्यायचं, त्याची) व्याख्या अजून झोपेतही म्हणून दाखवीन, पण आलेख समोर आले आणि बोट चुकीच्या जागी गेलं.

गणित साधं. खालून बंद केलेलं शंकूच्या आकाराचं नरसाळं, उंची १२ सेंमी, वरची त्रिज्या ६ सेंमी. नळातून दर सेकंदाला २० घन सेंमी पाणी पडतंय. १० सेकंदांनी पाणी किती उंचीवर असेल? आलेख दोन: काळावरून घनफळ सांगणारी सरळ रेघ आणि घनफळावरून उंची सांगणारी वक्र रेघ. मी दुसऱ्या आलेखावर थेट १० शोधले आणि ३.४ सेंमी असं उत्तर ठोकून मोकळी झाले.

"मावशी, तिथे सेकंद नाहीतच."

नव्हतेच. त्या आडव्या अक्षावर घन सेंमी होते. १० सेकंदांचे आधी २०० घन सेंमी करायचे, मग २०० घेऊन दुसऱ्या आलेखावर जायचं. उत्तर ९.१ सेंमी. उ(घ(क)) या लिखाणात (क म्हणजे काळ, घ घनफळाचं फल, उ उंचीचं) आधी आतलं का करायचं, ते एककंच सांगतात. क्रम उलटा केला तर काळ मागणाऱ्या फलाला आपण सेंटिमीटर देऊन बसतो.

मग एक युक्ती केली, तिचा मला अजून आनंद होतोय. दुसऱ्या आलेखाचा कागद घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा वळवला आणि पहिल्याच्या डावीकडे चिकटवला. दोघांचा घनफळाचा अक्ष एकच झाला (प्रमाण सारखं घेतलं होतं, नाहीतर जमत नाही). आता काळापासून वर रेघेपर्यंत, तिथून डावीकडे आडवं वक्रापर्यंत, मग सरळ खाली: उंची. मधलं घनफळ वाचावंही लागत नाही.

असे बिंदू घेऊन तिसरा आलेख काढला. पहिल्या ५ सेकंदांत पाणी ७.३ सेंमी चढतं, पुढच्या ५ मध्ये जेमतेम १.९. अर्धी उंची तर ३ सेकंदांच्या आतच गाठली जाते, कारण अर्ध्या उंचीला एकूण पाण्याचा आठवा भागच पुरतो. नळ बिचारा एकाच वेगानं चालू आहे, वाकण सगळं नरसाळ्याचं. मध्येच नळ बंद केला तर फक्त पहिला आलेख बदलायचा, नरसाळ्याच्या कागदाला हातही लावायचा नाही. हे शाळेत कुणी दाखवलं असतं तर!

एक फजिती मात्र राहिली होती. सूत्र २५व्या सेकंदाला उंची १२.४ सेंमी म्हणतं, आणि नरसाळं १२चंच. ते २२.६ सेकंदांना भरतं. भाचीनं वक्र तिथेच थांबवला, पुढे १२ वर आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, "पाणी सांडतंय".