लॉगिन झालेल्या वापरकर्त्याला पासवर्ड पुन्हा विचारताना

सोलापुरात टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यासाठी मी लारावेलमध्ये (वेब ॲप लिहिण्याच्या पीएचपी भाषेतील तयार चौकटीत) ऑर्डरींची नोंद ठेवणारे ॲप लिहीत आहे. तेथे एकच संगणक मालक, दिवाणजी आणि गोदामातील मुलगा असे तिघे वापरतात, आणि सकाळी मालकांनी केलेले लॉगिन संध्याकाळी शटर ओढेपर्यंत तसेच चालू राहते. सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा वापर) चालू आहे एवढ्यावरून या ब्राउझरमध्ये कोणीतरी कधीतरी योग्य पासवर्ड दिला होता, इतकेच सिद्ध होते. आत्ता खुर्चीत कोण बसले आहे, हे त्यावरून समजत नाही. म्हणून बँक खात्याचा क्रमांक किंवा खुद्द पासवर्ड बदलण्यापूर्वी तो पुन्हा विचारणे मला आवश्यक वाटते.

नवशिके येथे हमखास अडखळतात. आलेल्या पासवर्डचा नव्याने हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असे त्याचे रूप) काढून तो डेटाबेसमधील हॅशशी ताडून पाहतात, आणि पासवर्ड बिनचूक असूनही तो जुळत नाही. हॅश काढण्यासाठी लारावेल मुळात बीक्रिप्ट ही पद्धत वापरते. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दर वेळी नवा सॉल्ट (यादृच्छिक अक्षरांचा तुकडा) मिसळला जात असल्याने एकाच पासवर्डचे हॅश निरनिराळे निघतात. तो सॉल्ट ६० अक्षरांच्या हॅशमध्येच दडलेला असतो, आणि तो वेगळा काढून पडताळणी करण्याचे काम लारावेलच्या ‘हॅश’ या फसाडची (तयार सुविधेची) ‘चेक’ ही मेथड करते. तिला आधी साधा पासवर्ड आणि मग साठवलेला हॅश द्यावा लागतो.

व्हॅलिडेशनमध्ये (फॉर्ममधून आलेली माहिती तपासताना) ‘करंट पासवर्ड’ हा नियम लावल्यास हेच एका ओळीत साधते. फॉर्ममधील फील्डलाही हेच नाव द्यावे, कारण लारावेल इतर फील्डमधील मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा कापून टाकते. ‘ओल्ड पासवर्ड’ असे नाव दिले, तर शेवटी स्पेस असलेला पासवर्ड कधीच जुळणार नाही. (असे पासवर्ड ठेवणारेही असतात.)

संपूर्ण पानासाठी ‘पासवर्ड कन्फर्म’ हे मिडलवेअर, म्हणजे पान उघडण्याआधी पासवर्ड विचारणारा टप्पा, आहे. एकदा पासवर्ड दिल्यावर तो पुन्हा न विचारण्याची त्याची मूळ मुदत १०,८०० सेकंद, म्हणजे तीन तास आहे. मालक जेवायला घरी जाऊन परत येईपर्यंत ती संपत नाही, म्हणून मी ती ६०० सेकंदांवर आणली आणि चुकीच्या प्रयत्नांवर थ्रॉटलची (ठरावीक वेळात किती प्रयत्न करता येतील याची) मर्यादा घातली. मालाची आवक-जावक आणि चलने यांची पाने मात्र मी यातून वगळली आहेत, अन्यथा दिवाणजींना दर दहा मिनिटांनी मालकांना फोन करावा लागला असता.