मिनीची दोन इंची नळी आणि अर्ध्यावर राहिलेला घाट

माझी जुनी मिनी, म्हणजे ती चिमुकली ब्रिटिश गाडी, घेऊन निघालो होतो. घाट निम्मा चढून झाला होता. तापमानाचा काटा इतका वेळ वर सरकत होता, तो अचानक खाली यायला लागला. मी खूश झालो. शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं, "मामा, चढ तर अजून तसाच आहे. मग इंजिन गार कसं झालं?"

गाडी तिथेच बाजूला घेतली. इंजिनात पाणी कमी झालं की काट्याचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो, आणि मग काटा इंजिन पेटायच्या बेतात असतानाही थंडगार आकडा दाखवतो. हे मला माहीत होतं, पण सुचलं तिला. जुनी गाडी घेऊन डोंगरात जाणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा: चढावर काटा विनाकारण खाली आला, तर ते काटा वर जाण्यापेक्षा वाईट.

बॉनेट उघडल्यावर कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, तो गोडसर वास आलाच. रेडिएटरच्या झाकणाला पाऊण तास हात लावला नाही. नंतर जाड फडकं टाकून हळूहळू सोडवलं. गाडी १९७२ची, ९९८ सीसीची. पूर्ण यंत्रणेत पाणी मावतं साडेतीन लिटरच्या आसपास, आणि त्यातलं दीड लिटर आम्ही परत भरलं.

गळती मात्र सापडेना. मिनीत रेडिएटर समोर नसतो, डाव्या चाकाच्या बाजूला आडवा बसवलेला असतो आणि पंखा त्याच्याकडे हवा ढकलतो. एक थेंब पंख्यात सापडला की सगळीकडे शिंतोडे. मी पंधरा मिनिटं रेडिएटरलाच दोष देत बसलो. शेवटी सगळं फडक्याने कोरडं केलं, इंजिन चालू केलं आणि भाचीच्या पर्समधला छोटा आरसा टॉर्चच्या उजेडात आत धरला. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) घराखाली, सिलिंडर हेड आणि वॉटर पंप यांच्यामध्ये, रबराच्या एका सुरकुतीवर हिरवा थेंब फुगत होता. पडला. पुन्हा फुगायला लागला.

बायपास होज. मिनीवाल्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: मिनीचा डिझायनर अलेक इसिगोनिसने १९५९ साली आलेल्या या गाडीत इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटात घातला आणि दहा फुटांत चार माणसं बसवली. ती जागा कुठून तरी यायलाच हवी होती; ती मेकॅनिकच्या मनगटातून आली. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी इंजिनातच फिरत राहावं म्हणून ही नळी असते. जेमतेम दोन इंच लांब, आणि साधी सरळ नळी घालायची तर पंप किंवा हेड काढावंच लागतं.

त्या दिवशी माथा गाठायचा विचार सोडला आणि आलो तसेच उतरलो. रेडिएटरचं झाकण पहिल्या खाचेपर्यंत सैल ठेवलं, म्हणजे आत दाब साठत नाही आणि गळती मंदावते. पण दाब नसला की पाणी लवकर उकळतं, म्हणून हा उपाय फक्त उतारावर, सावकाश. हीटर पूर्ण उघडा, काचा खाली. उकाड्याने जीव नकोसा झाला, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. दर आठ-दहा किलोमीटरला थांबून खाली थेंब बघायचे.

दुरुस्ती दुसऱ्या सकाळी, इंजिन थंडगार असताना. टूलबॉक्समध्ये घड्यांची, हार्मोनियमच्या भात्यासारखी दाबली जाणारी नळी होती. ती आखडून दोन तोंडांच्या मध्ये सरकवता येते, पंप उघडावा लागत नाही. पुढची जाळी काढली, खालच्या होजमधून पाणी घमेल्यात काढून घेतलं. जुन्या क्लिपच्या स्क्रूचं डोकं पंपाच्या अंगाला तोंड करून बसलेलं! ती क्लिप मीच लावली होती, तेव्हा शिव्या देण्याचीही सोय नाही. माझा हात आत जाईना, भाचीचा गेला. तिने आखूड स्क्रू ड्रायव्हरने पाव-पाव फेरा करत ती सोडवली. नळी ब्लेडने कापून काढली. दोन्ही तोंडांवरचा पांढरट थर पॉलिश पेपरने घासला. हे टाळलंत तर नवी नळीही तिथूनच पाझरेल. नव्या क्लिपा आधी नळीवर ओवून घ्या, स्क्रूची डोकी जाळीकडे, मग आतून थोडं साबणाचं पाणी लावून नळी दाबून बसवा. पूर्ण काम तीन तास, त्यातले दोन त्या एका क्लिपचे.

पाणी भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा. झाकण न लावता इंजिन चालवा, वरचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, तेवढं भरा. एक फेरी मारून गाडी पूर्ण गार झाल्यावर क्लिपा पुन्हा तपासा. आमची खालची अर्धा फेरा आवळावी लागली.

काही जण ही भानगडच नको म्हणून दोन्ही तोंडं बंद करून टाकतात. तसं करायचं असेल तर थर्मोस्टॅटच्या चकतीला बारीक भोकं पाडावी लागतात, नाहीतर तो उघडेपर्यंत पाणी फिरतच नाही. मला तो मार्ग पटत नाही. घड्यांची नळी पातळ असते, म्हणून ती वाटेपुरती. घरी पंप काढून जाड, सरळ नळी घातली. पंप किंवा हेड कोणत्याही कारणाने उघडलं, तर नळी चांगली दिसत असली तरी बदलूनच टाका.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. सकाळी त्यावर एकच डाग होता, इंजिन ऑइलचा. तो आमचा नेहमीचा.