चौदा पोरांचं कृतिसंशोधन आणि अडकलेला आराखडा

नोकरी करता करता एम.ए. शिक्षणशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, प्रकल्पाला कृतिसंशोधन घ्या, म्हणजे आपल्या वर्गातली एखादी अडचण धरून उपाय करून पाहायचा; ते आपल्याच वर्गात होते, रजा टाकावी लागत नाही. वर्गातलं काम झालंही. अडलं ते आराखड्याच्या मंजुरीत, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

माझी शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात, एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर. द्विशिक्षकी. तिसरीत चौदा पोरं. ५२ वजा २७ दिलं की बहुतेकांचं उत्तर ३५. वरचा अंक कोणता, खालचा कोणता, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. मोठ्यातून लहान काढायचा, संपलं. घरी कोलामी बोलणाऱ्या पोरांना ‘हातचा’ तोंडी सांगून काय कळणार? म्हणून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे, सुट्या कमी पडल्या की एक गठ्ठा सोडायचा, असं ठरवलं. आधी पूर्वचाचणी, शेवटी उत्तरचाचणी.

आमच्याकडे शाळा उघडते जूनच्या अखेरीस. जुलैतच आराखडा अभ्यासकेंद्रात दिला. म्हटलं, कापूस वेचणीच्या आत उरकून टाकू.

मार्गदर्शक सरांनी पहिलंच पान पाहिलं. "चौदा पोरांवर संशोधन होत असते का मॅडम? तीसचा तरी नमुना पाहिजे." अहो, आमच्या अख्ख्या शाळेचा पट तीस नाही! मग म्हणाले, शेजारच्या गावची तिसरी नियंत्रित गट म्हणून (उपाय न करता, तुलनेला) घ्या, शून्य परिकल्पना (‘दोन गटांत फरक नाही’ हे गृहीत) मांडा, टी-मूल्य (फरक योगायोगाचा आहे का ते तपासायचा आकडा) काढा. म्हणजे त्या गावच्या पोरांना मुद्दाम काड्या द्यायच्या नाहीत, आणि ती मागे राहिली की माझं संशोधन यशस्वी. मी नाही म्हटलं. त्यावर, "मग तुम्ही उपक्रम करून राहिले, संशोधन नाही."

पुढे पोळा गेला, दसरा गेला. पांढरकवड्याहून एसटीने जायचं, तर सर परीक्षेच्या ड्युटीवर. फोन केला तर "फाईल पाहतो". वजाबाकी काय सरांच्या सहीसाठी थांबवायची? मी पूर्वचाचणी घेऊन टाकली, प्रत्येक पेपरवर तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. हे सगळ्यांनी करावंच. मंजुरी उशिरा आली तरी पुरावा हातात राहतो.

शेवटी मुद्देसूद पत्र लिहिलं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने १९४६ मध्ये ‘कृतिसंशोधन’ हा शब्द वापरला तोच प्रत्यक्ष बदल घडवण्यासाठी. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये शिक्षकांसाठी हीच पद्धत मांडली. काम करणाऱ्याचं स्वतःचं काम सुधारलं का, यावर त्यांनी संशोधनाची किंमत ठरवली. निष्कर्ष जगाला लागू करायचेच नाहीत, तर तीसचा नमुना कशाला? आमच्याच अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतलं पान झेरॉक्स करून, खाली रेघ मारून जोडलं. ‘व्याप्ती व मर्यादा’मध्ये स्पष्ट लिहिलं, निष्कर्ष या वर्गापुरतेच. सही झाली. कुणी काही बोललं नाही, पण मला त्या दिवशी बसमध्ये उभं राहूनही बरं वाटलं.

तोवर दिवाळी उलटली होती आणि निम्मा वर्ग आईबापासोबत वेचणीला. उत्तरचाचणी संक्रांतीनंतर घेतली. दोघं सोडून सगळ्यांना जमलं, आणि ते दोघं उपक्रमाच्या काळात शाळेत फारसे नव्हतेच. म्हणून सांगते, गुणांच्या तक्त्यात हजेरीचा रकाना ठेवा. नाहीतर तोंडी परीक्षेत ‘या दोघांचं काय?’ म्हणून अडवतात. मला हाच प्रश्न आला आणि उत्तर तक्त्यातच होतं.

निरीक्षणाची वही त्याच दिवशी लिहा, रविवारी आठवून नाही. "मॅडम, गठ्ठा सोडू का?" असं एक पोरगी काड्या नसतानाही, नुसत्या फळ्याकडे पाहून म्हणाली, तो दिवस वहीत होता म्हणून अहवालात आला. गुणांपेक्षा बाहेरच्या परीक्षकांना तेच जास्त आवडलं.

टायपिंग आधी करून बसू नका, आराखडा बदलला की पैसे दुसऱ्यांदा जातात. आणि आराखडा देतानाच आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. माझ्याकडे तो होता, म्हणून "तुमची फाईल आलीच नाही" हे वाक्य ऑफिसला अर्ध्यावर सोडावं लागलं.