सिलिकॉनची खाच
आजचा अख्खा दिवस एका सुपरनोव्हाचा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा) वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेला प्रकाश, साफ करण्यात गेला. दुर्बिणीचं काम रात्रीचं, पण खरा कस दिवसा लागतो.

बायस (कॅमेऱ्याचा प्रकाशाविनाचा मूळ आकडा) वजा करा, फ्लॅटने (एकसारख्या उजेडाच्या चित्राने) भागा, कॉस्मिक किरणांचे ठिपके काढा, दिव्याच्या माहीत असलेल्या रेषांवरून तरंगलांबी बसवा. इथवर सगळं सरळ. घोळ होतो तो पार्श्वभूमी, म्हणजे आजूबाजूचा प्रकाश, वजा करताना. स्फोट दीर्घिकेच्या भुजेत झाला असेल तर शेजारच्या तेजोमेघाची हायड्रोजन रेषा आत शिरते आणि हायड्रोजनच्या रेषा नसलेला टाइप वन-ए स्फोट त्या रेषा असलेला टाइप टू वाटू लागतो. ओळखायची खूण म्हणजे रुंदी: तेजोमेघाची रेषा सुईसारखी बारीक, स्फोटाची मात्र ऐसपैस, कारण तो वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरत असतो. म्हणून पार्श्वभूमीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी आणि शक्य तितक्या जवळून घ्याव्यात.

हे जमलं की सिलिकॉनची खाच, म्हणजे सिलिकॉनने प्रकाश शोषल्याने पडलेला खड्डा, स्वच्छ दिसते; टाइप वन-एची ओळख तीच. मूळ जागा 6355 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक), तेजाच्या शिखराजवळ दिसते 6120 च्या आसपास. म्हणजे वायू सेकंदाला सुमारे 11,000 किलोमीटरने आपल्या दिशेने येतोय! दरवेळी अंगावर काटा येतो. फक्त दीर्घिकेचं ताम्रसृतीमुळे (ती दूर जात असल्याने प्रकाश लाल बाजूला सरकण्यामुळे) झालेलं सरकणं आधी काढून टाका. नवखे नेमके तिथेच चुकतात.