ई कुपनं तीनच

सोमवार, रात्र

सहलीची वही आज माळ्यावरच्या पिशवीतून खाली आली. पहिल्याच पानावर मागच्या थीम पार्कच्या वारीचा हिशोब. तिकीट, खोली, गाडीभाडं, खाणं, ‘किरकोळ’ (हा आकडा खाण्यापेक्षा मोठा!) आणि सगळ्यात खाली नवऱ्याच्या अक्षरात एक भागाकार: एकूण खर्च भागिले चार. चार म्हणजे त्या दिवशी आम्ही ज्यांत बसलो त्या राइड. उत्तराखाली त्याने दोन रेघा मारल्यात. तो आकडा मी इथे पुन्हा उतरवणार नाही.

चुकलं काय ते तेव्हाही कळत होतं. जोडून आलेली सुट्टी पकडली. आरामात उठून, आवरून साडेअकराला गेटावर. वर एका दिवसात दोन पार्क फिरता येतील असं महागडं तिकीट. का, तर ‘आलोच आहोत तर’. या तीन शब्दांनी आमचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या भाववाढीने केलं नसेल. एका पार्कातून दुसऱ्यात जाण्यात भर दुपारचा तास गेला आणि तिथे पोचलो तर जिथे तिथे नव्वद मिनिटांच्या पाट्या.

या वेळी रक्कम आधी, पार्क नंतर. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आपापला आकडा लिहिला आणि एकदम उघडला. माझा त्याच्या दीडपट निघाला. त्यावरून थोडं हसलो, थोडं भांडलो आणि मधला आकडा धरला. त्यातला दहावा हिस्सा आजच वेगळा काढला, पाऊस, पोटदुखी आणि चुकलेली गाडी यांच्या नावाने. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही.

मंगळवार

जेवढी म्हणून ‘पॅकेज’ बघितली त्यांचा हिशोब दोन मोठे, दोन लहान असाच. खोलीत दोघं राहा की चौघं, भाडं बहुतेक ठिकाणी तेवढंच. चौघांत वाटलं की हलकं होतं, दोघांत जड जातं. आमच्यासारख्या जोडीच्या बजेटला खरं भगदाड खोली पाडते, आणि आम्ही आठवडाभर तिकिटांवरची सूट शोधत बसलो होतो.

उलट, आमच्याकडे एक गोष्ट आहे जी मुलंबाळं असलेल्यांकडे नसते. शाळेच्या सुट्ट्यांना आम्ही बांधील नाही. मधल्या वारी, शाळा ऐन भरात असताना जाता येतं. डिस्नीने अमेरिकेतल्या आपल्या पार्कांत २०१६ पासून एका दिवसाच्या तिकिटाला तारखेप्रमाणे वेगवेगळे दर लावायला सुरुवात केली, आणि आता ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. म्हणजे कॅलेंडर हेच दरपत्रक. मी मोठ्या उत्साहाने स्वस्त दिवस हिरव्या पेनाने रंगवले.

नवऱ्याने आल्या आल्या हिरव्या रंगावर पाणी टाकलं. म्हणे, त्या दिवशी पार्क किती तास उघडं आहे ते बघितलंस का? नव्हतं बघितलं. गर्दी कमी असलेल्या दिवसांत पार्क लवकर बंद होतात, आणि राइडची डागडुजीही याच काळात काढतात. तिकीट भागिले उघडे तास (याला भागाकाराचं वेडच आहे) असं केल्यावर माझा सगळ्यात हिरवा दिवस त्याच्या पुढच्या दिवसापेक्षा महाग निघाला. शिवाय ज्या रोलर कोस्टरसाठी हा एवढा जीव टाकतोय ती त्या आठवड्यात बंदच. पुढचा दिवस घेतला.

दिवस किती? तिकिटाचे दिवस वाढवले की दर दिवशीचा भाव उतरत जातो, आणि तिथेच माणूस फसतो. तिसऱ्या दिवसाचं तिकीट जवळजवळ फुकट वाटतं, पण त्याच्यासोबत आणखी एक रात्र आणि तीन वेळचं जेवण येतं. दोन दिवस, दोन रात्री. आदल्या संध्याकाळी पोचायचं, पण त्या संध्याकाळी तिकीट वापरायचं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री थेट परतीची गाडी.

बुधवार

वही उघडलीच नाही.

गुरुवार

आज एक मजेची गोष्ट वाचली आणि सगळी आखणीच तिच्याभोवती फिरायला लागली.

कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ साली सुरू झालं तेव्हा गेटाचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक राइडचं वेगळं. थोड्याच महिन्यांत त्यांनी कुपनांची पुस्तिका काढली. साध्या राइडला ए, त्याहून बऱ्याला बी, मग सी. नंतर डी आलं, आणि १९५९ साली ई. त्याच वर्षी तिथे मॅटरहॉर्न नावाची कोस्टर सुरू झाली, पोलादी नळ्यांच्या रुळांवरून धावणारी पहिली. ती अर्थात ई. राजा आर्थरच्या नावाचं लाकडी घोड्यांचं चक्र मात्र ए. पुस्तिकेत ई कुपनं मोजकी, ती आधी संपायची. ए कुपनं उरायची, आणि लोक ती घरी नेऊन कपाटाच्या खणात टाकून द्यायचे. १९८२ साली हा प्रकार बंद झाला. एकदा गेटावर पैसे मोजा आणि आत वाटेल तितकं फिरा. टेक्सासमधल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कने हेच १९६१ पासून चालवलं होतं.

ऐकायला छान, पण ‘वाटेल तितकं’ म्हटलं की पुढच्या राइडची किंमत शून्य होते आणि सगळेच सगळीकडे उभे राहतात. पैशाऐवजी मिनिटं मोजायची. मग १९९९ साली फास्टपास आला, ठरल्या वेळी या आणि रांग टाळा, तोही फुकट. २०२१ पासून त्याच सोयीचे वेगळे पैसे पडायला लागले. थोडक्यात, ई कुपन मागच्या दाराने परत आलं. आम्ही बघतोय त्या पार्कातही जलद पास आहे आणि गर्दीच्या दिवशी त्याचा भाव तिकिटाच्या जवळ जातो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. नको.

नवरा म्हणाला, मग आपणच आपली पुस्तिका करू की.

जेवणं झाल्यावर जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीचा पुठ्ठा कापला. प्रत्येकाला तीन ई, तीन सी आणि हवी तेवढी ए. ई म्हणजे ज्या राइडसाठी आपण तासभर उभं राहायला तयार आहोत. सी म्हणजे पाटीवर पंचवीस मिनिटांच्या आत असेल तर. ए म्हणजे समोर आलं, रिकामं दिसलं, तर. आपापली कुपनं भरायची आणि शनिवारपर्यंत एकमेकांना दाखवायची नाहीत.

शुक्रवार

कुपनं भरताना कळलं की कुठली राइड आवडेल एवढं बघून भागत नाही. रांग किती वेगाने पुढे सरकते तेही बघावं लागतं. हा माझ्यासाठी नवाच धडा. डिस्नीलँडमधल्या डम्बोच्या उडत्या हत्तींचं उदाहरण नवऱ्याने वहीत मांडून दाखवलं: चक्राला सोळा हत्ती, एका हत्तीत दोन माणसं, म्हणजे एका फेरीत बत्तीस. उतरणं, बसणं, पट्टा लावणं धरून एका फेरीला साडेतीन मिनिटं धरली तर तासाला साडेपाचशे माणसं. आणि त्याच पार्कातली चाच्यांची होड्यांची राइड? तिथे होड्या एकामागून एक सुटतच राहतात, तासाला दोन हजारांहून जास्त माणसं पुढे जातात. म्हणजे हत्तींसमोरची छोटीशी दिसणारी रांग ही होडीच्या तिप्पट-चौपट लांब रांगेएवढी. छोटी रांग बघून धावणारी मीच. मागच्या वेळी पहिली पन्नास मिनिटं कुठे गेली ते आज समजलं.

म्हणून फिरत्या चक्रासारख्या, थांबून थांबून माणसं भरणाऱ्या राइड गेट उघडल्या उघडल्या. होड्या, लांब गाड्या, मोठी थिएटरं भर दुपारी. आणि शेवटचं ई कुपन अगदी शेवटी. बहुतेक पार्कांत बंद व्हायच्या आधी रांगेत शिरलेल्यांना राइड मिळते, आणि तोवर दमलेली कुटुंबं झोपाळलेली मुलं खांद्यावर घेऊन निघालेली असतात.

शनिवार

कुपनं उघडली.

त्याच्या तिन्ही ई: कोस्टर, कोस्टर, कोस्टर. माझ्या: होड्यांची, अंधारातली हॉन्टेड हाउसची, आणि रात्रीची रोषणाई (ती राइड नाही, पण नियम मी केलेत). एकही जुळलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली.

त्याने लगेच तोडगा काढला: एकट्यांची रांग. काही राइडना अशी वेगळी रांग असते. गाडीत एखादी जागा उरली की तिथला माणूस उचलून भरतात. जोडी फुटते, पण रांग झपाझप सरते. त्याने सगळीकडे तेच करू म्हटलं, वेळ वाचेल म्हणून. माझं डोकंच सरकलं. तू पहिल्या डब्यात कुणा अनोळखी माणसाशेजारी किंचाळणार, मी सातव्या डब्यात दुसऱ्याशेजारी, आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारणार, कसं होतं? त्यासाठी दोघांनी मिळून जायचंच कशाला?

तो गप्प बसला. मग म्हणाला, रांगेतच तर बोलतो आपण. एरवी कुठे वेळ असतो?

हे खरं आहे. मागच्या वेळच्या त्या भयंकर दिवसातलं मला लख्ख आठवतं ते राइडमधलं नाहीच. दुसऱ्या पार्कातल्या नव्वद मिनिटांच्या रांगेत, लोखंडी कठड्याला टेकून, त्याने लहानपणी मुंज चालू असताना मांडवातून पळ कसा काढला होता ते सांगितलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तर वाटणी अशी ठरली. दोन कोस्टर तो एकट्यांच्या रांगेतून करणार, कारण मला त्या नकोच आहेत. तेवढा वेळ मी बाकावर बसून चहा पिणार आणि पायांना आराम देणार. तिसरी, त्यातल्या त्यात सौम्य, मी त्याच्यासोबत मोठ्या रांगेतून. माझ्या तिन्ही ईंना दोघं, पूर्ण रांगेने. कोपनहेगनचं टिव्होली पार्क १८४३ सालचं, आणि तिथे अजूनही आत शिरायचं तिकीट वेगळं, राइडचं वेगळं. माझ्यासारख्या बाकावर बसणारीला असं पार्क फार परवडेल. इथे मात्र माझ्या बाकाचेही पूर्ण पैसे.

रविवार

पैसे भरले. खोली पार्कच्या आतल्या हॉटेलात नाही. आतल्या हॉटेलांचा एक फायदा खरा असतो. फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमध्ये तिथल्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. पण त्या अर्ध्या तासाचा भाव काढला तर मी त्यापेक्षा पहाटे उठेन. बाहेरचं, पायी जाण्याजोगं घेतलं, म्हणजे पार्किंगचेही पैसे वाचले.

मधेच याला कुणीतरी अर्धवट वापरलेलं दोन दिवसांचं तिकीट निम्म्यात देतो म्हणाला. मी हात जोडले. मोठ्या पार्कांत तिकीट माणसाशी जोडलेलं असतं, काही ठिकाणी गेटावर बोट ठेवायला लावतात. तिथून परत फिरलो तर गेलेले पैसे आणि झालेलं हसं, दोन्ही आपलंच.

बाकीचं पटापट: बाहेरचा खाऊ चालतो का ते नियमांत वाचलं, चालतो. रिकाम्या बाटल्या न्यायच्या, आत भरायच्या. जेवण अकराला, सगळ्यांना भूक लागायच्या आत. कोस्टरच्या लॉकरचे पैसे नकोत म्हणून पाठीवरच्या पिशवीऐवजी कमरेचा पाऊच. दुसरी पिशवी बाकावरच्या बाईकडे. फोटो आपल्याच फोनवर.

कुपनं वहीत टाचताना त्याचं एक ए कुपन सापडलं, शनिवारी न दाखवलेलं. त्यावर बारीक अक्षरात ‘घोडे’. विचारलं तर म्हणतो, रिकामं दिसलं तर.

बुटांचं अजून अडलंय. दिवसाला पंधरा किलोमीटर तरी चालणं होईल, त्याला त्यासाठी नवे घ्यायचेत. मी सांगतेय, नवे बूट पहिल्याच दिवशी टाच सोलतील, जुने घाल. आणि जुन्यांना पैसे पडत नाहीत. तो म्हणतोय, पावसाच्या नावाने काढलेल्या दहाव्या हिश्श्यातून घेऊ.